निर्दोष ठरलेला दादा

न्यायाधीशांनी निकाल सांगितला तो असा: आमच्या इमारतीतल्या अंकलवर हल्ला केला माझ्या दादानेच, पण त्या वेळी आपण काय करतोय हे त्याला कळत नव्हतं, म्हणून तो निर्दोष. मी वकिलांना विचारलं, "मग आता घरी नेऊ ना याला?"

"नहीं मैडम. अब ये अस्पताल में रहेंगे. समाज की सुरक्षा का सवाल है."

दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही दोघंच राहायचो. आईबाबा गेल्यापासून मी मंत्रालयात नोकरीला जायचे आणि दादा घरी गणिताच्या शिकवण्या घ्यायचा. आजार जुना होता, गोळ्यांवर आटोक्यात होता. मग गोळ्या तो गुपचूप थुंकायला लागला आणि त्याच्या डोक्यात बसलं, की खालच्या मजल्यावरचे अंकल नळाच्या पाइपातून त्याचे विचार ऐकतात. एका रविवारी दुपारी ते भाजी घेऊन जिना चढत होते, तेव्हा दादाने त्यांना सळईने मारलं. त्यांचा डावा डोळा गेला. बाबांच्या तिरडीला खांदा देणारे हेच अंकल होते.

निकालानंतर अंकलच्या बायकोने, आंटींनी, मला जिन्यात थांबवलं. "बेटा, कोर्ट ने कहा वो बीमार था. चलो, मान लिया. पर मेरे लिए कोर्ट ने क्या कहा?"

त्यानंतर आमच्या ब्लॉकमध्ये कोणी माझ्याशी भांडलं नाही, पण मी जिन्यात आले की दारं हळूच लागायची. दिल्लीतल्या मराठी ओळखीच्यांचे फोनही कमी झाले. अंकलसाठी रडावं तर दादाची बहीण, आणि दादासाठी रडावं तर समोर अंकलचा डोळा. कोणाजवळ रडायचं तेच कळेना, तेव्हा ते राहूनच गेलं.

इस्पितळात गोळ्या नीट सुरू झाल्या आणि दादा हळूहळू दादासारखा बोलायला लागला. एकदा मी संत्री सोलून देत होते, तर म्हणाला, "मला किती वर्षांची झाली?"

"शिक्षा नाही झाली, दादा. तू निर्दोष आहेस."

"मग सुटणार कधी?"

"डॉक्टर म्हणतील तेव्हा."

त्याने हातातली फोड परत ताटलीत ठेवली. "अगं, चोरालासुद्धा तारीख मिळते. अंकलचा डोळा माझ्या हातून गेला ना? मग मला शिक्षा द्या, मी भोगतो. हे काय आहे, ना शिक्षा ना सुटका?"

पुढे डॉक्टरांनी तो बरा असल्याचं कोर्टाला कळवलं. न्यायाधीशांनी मला उभं केलं. "आप गारंटी लेती हैं कि ये किसी को नुकसान नहीं पहुँचाएँगे?"

दुसऱ्याच्या मनाची हमी कोण देणार? स्वतःच्या मनाची तरी कुठे देता येते? मी म्हटलं, "दवा रोज़ अपने सामने खिलाऊँगी, सर. डॉक्टर को दिखाती रहूँगी. इतनी ही गारंटी दे सकती हूँ."

त्यांनी डॉक्टरांना आणखी काही प्रश्न विचारले आणि दादाला माझ्या ताब्यात दिलं.

त्याला परत त्या जिन्यात नेणं शक्यच नव्हतं. क्वार्टर सोडून मी गाझियाबादला भाड्याने फ्लॅट घेतला. निघण्याआधी अंकलना भेटायला गेले. ते बसले होते त्या खुर्चीची पाठ भिंतीला टेकवलेली होती.

"मेरे मन में कोई शिकायत नहीं," ते म्हणाले. "पर उसे यहाँ कभी मत लाना. सीढ़ी पर कोई तेज़ चढ़ता है तो आज भी मैं दीवार से सट जाता हूँ."

"नहीं लाऊँगी, अंकल," मी म्हटलं. आंटींनी आतून चहा पाठवला, पण त्या बाहेर आल्या नाहीत.

हे सगळं मी दादाला सांगितलं, काही न लपवता. तो म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं."

इथे आम्हाला कोणी ओळखत नाही. रोज सकाळी तो माझ्यासमोर गोळी घेतो आणि मी न सांगता तोंड उघडून दाखवतो. संध्याकाळी मजल्यावरची मुलं पॅसेजमध्ये बॅडमिंटन खेळायला आली, की तो उठून आमचं दार लावून घेतो.

"उघडं राहू दे ना, हवा येते," मी एकदा म्हटलं. "इथे कोणाला काही माहीत नाही."

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

मी स्वयंपाकघरात गेले आणि दोघांपुरती कणीक मळायला घेतली. बाहेर मुलं बराच वेळ खेळत होती.