दीड हाताचा खड्डा

साहेबांचा कुत्रा पळत आला आणि माझ्या डोळ्यांदेखत ताम्हणाच्या झाडावरून उडी मारून पलीकडे गेला.

"बघा," साहेब म्हणाले. "तीन वर्षं झाली. झाडाखालून नाही, झाडावरून जातो."

मुरबाडजवळच्या त्यांच्या फार्महाउसच्या रस्त्याकडेला आमच्या किन्हवलीच्या नर्सरीतली बारा ताम्हणं होती. लावली तेव्हा कमरेएवढी. अजूनही कमरेएवढीच. फक्त गेटजवळचं एक माझ्या डोक्याच्या वर गेलेलं. साहेबांचं म्हणणं, बारांत एकच रोप चांगलं दिलं, बाकी माल खराब.

आमचे मालक विलासशेठ वाकून बुंधे बघत होते. येताना टेंपोत म्हणाले होते, "माल आपला खराब निघाला तर झाडं बदलून देऊ. पण रोपं तू बघतोस. मग तुझा तू काय तो विचार कर." मी परभणीकडचा, आठवीत शाळा सोडलेला. या माणसाने मला काम दिलं, खोली दिली, कलम बांधायला हातात हात धरून शिकवलं. माझं सामान एका बॅगेत बसेल का, एवढाच विचार मी टेंपोत केला.

भीती होती ती मुळांची. रोप पिशवीत फार दिवस राहिलं की मुळांना जागा पुरत नाही. ती पिशवीच्या कडेने गोल गोल फिरतात. याला आमच्यात रूट बाउंड म्हणतात. असं रोप जमिनीत लावलं तरी मुळं फिरतच राहतात. वेळेवर रोप मोठ्या पिशवीत हलवणं हे माझं काम.

शेजारच्या पाड्यावरच्या सुगंधामावशी तिथे कामाला होत्या. बाराही खड्डे त्यांनीच खणले होते. आम्ही दोघांनी एक झाड कडेने मोकळं केलं. मुळं पिशवीच्या मापाबाहेर सरळ आली होती. मला बरं वाटलं. मग दीड हातावर पहार टण्ण वाजली. खाली खडक, चारी बाजूंनी खडक. मुळं त्या खडकाला लागून गोल फिरलेली. साहेबांनी झाड जमिनीत लावलं नव्हतं, दगडाच्या कुंडीत लावलं होतं. पावसात तिच्यात पाणी तुंबायचं, उन्हाळ्यात ती तापायची. जेवढी माती, तेवढंच झाड.

मग गेटजवळचं खणलं. तिथून बोअरच्या पाइपाचा चर गेला होता. जेसीबीने फोडून परत मातीने भरलेला. मूळ त्या चरातून थेट बंगल्याकडे निघालं होतं.

"म्हणजे रोपं चांगली होती," साहेब म्हणाले. "मग खड्डे एवढे लहान का खणले, बाई?"

"बोलले तेवढे खणले. दीड हात."

"खडक लागला ते सांगायचं नाही?"

"इचारलं कोणी? आमच्या इथं सगळीकडंच खडक हाय. यात सांगायचं काय?"

विलासशेठ माझ्याकडे वळले. "दीड हात कोण बोलला रे?"

सुगंधामावशी झाडाकडे बघत राहिल्या. त्यांनी माझं नाव घेतलं नाही.

"मी," म्हणालो. आमच्या परभणीकडे काळी जमीन. दीड हात खणलं की पुरे, पुढची वाट मूळ स्वतः काढतं. मी तेच माप इथे फोनवर सांगितलं होतं. जागा बघायला आलोच नव्हतो.

शेठनी पहार उचलून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "माल खराब नाय, तू खराब. उद्यापासून इथं. खडक फोडायला ब्रेकर मी पाठवतो."

"आणि बॅग, शेठ?"

"कसली बॅग?"

तो अख्खा उन्हाळा मी आणि मावशी तिथे होतो. झाडं जागेवर ठेवली. खड्ड्यांच्या मधला खडक ब्रेकरने फोडून एकच लांब चर केला, पाणी जायला उताराकडे तोंड ठेवलं, शेतातली माती भरली. गोल फिरलेली मुळं बाहेरून कापली. "आता कसं शेताच्या बांधासारखं झालं, सलग माती," मावशी म्हणाल्या. "हे आधी इचारलं असतंस तर?"

दोन झाडं मेली. ती बदलून दिली. बाकीची दुसऱ्या पावसाळ्यानंतर वाढत सुटली. परवा साहेबांचा फोन आला, तेव्हा नाव बघूनच वाटलं, आणखी एक झाड मेलं.

"कुत्रा आता सावलीत झोपतो," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

आता रोप टेंपोत चढवण्याआधी मी गिऱ्हाइकाच्या जमिनीत पहार मारून येतो. पहार जिथे थांबते, तिथे झाडही थांबतं. आणि खणणाऱ्या माणसाला विचारतो, खाली काय लागलं. त्याला माहीत असतं. फक्त विचारावं लागतं.