एका पाटाचे रायव्हल

वीस वर्षं मी शाळेत ‘रायव्हल’ म्हणजे शत्रू असंच शिकवत आले. यंदा एका मुलीनं विचारलं, “मॅडम, मग ‘एनिमी’ म्हणजे काय?” “उद्या सांगते,” म्हणून मी वेळ मारून नेली. चिडून घरी आले, मोबाईलवर शब्दाचं मूळ शोधलं आणि खुर्चीतच बसून राहिले. लॅटिनमध्ये ‘रीवुस’ म्हणजे ओढा, पाट. त्यावरून ‘रिवालिस’, म्हणजे एकाच पाटाचं पाणी घेणारा शेजारी. त्यातून हा रायव्हल आला.

म्हणजे माझे वडील आणि धाकटे चुलते!

पुणतांब्याजवळच्या आमच्या शेतात त्या दोघांत मिळून एक विहीर, एक पाट आणि चार-चार दिवसांची पाण्याची पाळी. विहिरीवर विजेची मोटार बसली तेव्हापासूनचा नियम असा, की ज्याच्या पाळीत वीज गेली त्याची पाळी बुडाली. तीन वर्षांपूर्वी चुलत्यांची पाळी अशीच बुडाली, तेव्हा वडिलांनी नियमावर बोट ठेवलं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. आता गावाकडची विजेची डीपी जळाली ती नेमकी वडिलांच्या पाळीत, आणि दुरुस्त होईतोवर चुलत्यांची पाळी लागली. आमचा गहू ओंबीवर आलेला. आणखी चार दिवस पाणी नाही मिळालं तर दाणा भरणारच नव्हता. पण मागतील तर ते वडील कसले! मला दोघांचाही भयंकर राग आला होता.

त्याच रागात मी सकाळी चुलत्यांच्या बांधावर गेले आणि त्या शब्दाची सगळी कुळकथा सांगून टाकली. ते खोऱ्यावर हात टेकून ऐकत होते.

“तिकडं बी ह्येच हुतं म्हन की,” ते खूश होऊन म्हणाले. “कंदी?”

“दोन हजार वर्षांपूर्वी, नाना.”

“मंग शेवटी पानी दिलं का न्हाई त्येंनी?”

“ते काही लिहिलेलं नाही.”

ते पाठ फिरवून पाटाकडे चालू लागले. उगाच आले असं मला वाटायला लागलं. मग त्यांनी खोऱ्यानं माती ओढून आपल्या वाफ्याचं दार बुजवलं आणि आमच्याकडचं उघडलं. पाणी गव्हाकडे वळलं.

“बापाला म्हनावं, दारं धरायला ये. माजी कंबर दुखती.”

निरोप सांगितला तेव्हा वडील चहा पीत होते. कप तसाच ठेवून ते अनवाणीच निघाले. मी मागोमाग गेले. बांधावर पोचल्यावर तीन वर्षांत पहिल्यांदा ते धाकट्या भावाशी बोलले.

“कंबर कंदीपासून दुखती रं तुजी?”