तळ्याची पुडी

माझे दाजी एउदोसिओ आमच्या डोंगरातल्या कार्वास गावात बाजारामागे चपला-बूट सांधतात. एरवी माणूस इतका शांत, की दुकानात आहे की नाही ते हातोडीच्या आवाजावरूनच कळावं. पण आमच्याकडचा पाऊस एप्रिलात सरून मे महिना लागला की त्यांच्या अंगात येतं. दोरा नव्याने डब्यावर गुंडाळायचा, गळ घासायचे, गांडुळं कॉफीच्या चोथ्यात घालून पलंगाखाली ठेवायची. तीन आठवडे ताईच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. आणि कोणत्या तळ्यावर जाणार ते विचारायचं नाही. नाव घेतलं की तळ्याला कळतं आणि मासे तळाशी बसतात. फार तर 'वर' म्हणायचं.

बावीस वर्षं हे असंच चाललंय. सगळ्यांत आधी बांधली जाते ती पुडी. लाल रुमालात कोकाची पानं, गोड गोळ्या, वाइनची चपटी बाटली आणि थोडं अत्तर. तळं बाई आहे आणि मत्सरी आहे, म्हणून आमच्या बायका वर जात नाहीत. पुरुष जातात ते आधी पुडी देतात, मग गळ टाकतात. न देता गेले आणि परत आले नाहीत, त्यांची नावं इथे कुणालाही विचारा. दाजी पुडीला ताईचा हातही लागू देत नसत.

त्या मंगळवारी ताईने मला आमच्या पावाच्या भट्टीवरून बोलावून घेतलं. हात पिठाचेच होते. पलंगावर दाजींची पिशवी उलटी केलेली.

"बघ. काय दिसतं?"

"गळ, दोरा, घोंगडी, भाजलेला मका, चीज."

"आणि काय नाही?"

मी पुन्हा पाहिलं. लाल रुमाल नव्हता.

"बांधतील उद्या," मी म्हटलं.

"उद्या? तो माणूस आधी पुडी बांधतो, मग लग्नाचा वाढदिवस विसरतो." ताई खाली बसली. "जो पुडी नेत नाही तो तळ्यावर जात नाही. मग हा जातोय कुठे?"

मग तिने एकेक काढायला सुरुवात केली. महिनाभर कोका चघळलेला नाही. चिचा, म्हणजे मक्याची दारू, पुढे केली तर पोट बिघडलंय म्हणतात. दर गुरुवारी दुपारी अंघोळ करून धुतलेला शर्ट घालतात आणि 'बूट पोचवून येतो' म्हणतात.

"कुणाचे?"

"डेलमिराचे." डेलमिरा म्हणजे वरच्या गल्लीतली विधवा. "त्या बाईला पाय किती आहेत गं? चार आठवडे बूटच पोचतायत."

बुधवारी दाजींचा जोडीदार फोर्तुनातो पाव न्यायला आला. बावीस वर्षं दोघं एकत्र वर जातात, दोघांत पुडी एकच. ताईने पाव हातातच धरून ठेवला.

"काय भावजी, तळ्याला काय नेताय यंदा?"

"ते एउदोसिओ बघतो, वहिनी."

"तो बघत नाहीये."

फोर्तुनातोने टोपी काढली, पुन्हा घातली. "मला मध्ये घेऊ नका. मला पाव द्या."

"कुठेतरी पाणी मुरतंय," तो गेल्यावर ताई म्हणाली.

गुरुवारी दाजी शर्ट घालून निघाले आणि अर्ध्या तासाने ताई सहा पाव फडक्यात बांधून त्यांच्या मागे. मी बरोबर गेले, कारण ताईचा हात चालतो हे मला माहीत आहे. डेलमिराच्या दाराबाहेर गाण्याचा आवाज येत होता. ताईने दार ढकललं.

आत बाकांवर दहाबारा माणसं. मध्ये दाजी, दोन्ही हातांत पुस्तक धरून, येशूचं भजन भलत्याच सुरात गात होते. आमच्या गावात या नव्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींना हालेलूयावाले म्हणतात. त्यांना चिचा चालत नाही, कोका चालत नाही, देवमातेची मूर्ती आणि जत्रा चालत नाही, तळ्याला पुडी तर नाहीच नाही.

"या, बसा ना मेल्चोराताई," डेलमिरा म्हणाली.

ताईने पाव टेबलावर ठेवले आणि आली तशी परत फिरली. गल्ली संपल्यावर म्हणाली, "बाई असती तर झिंज्या उपटल्या असत्या. आता कुणाच्या उपटू?"

घरी दाजी मान खाली घालून आले.

"मला का नाही सांगितलं?"

"सप्टेंबरच्या देवमातेच्या जत्रेचा मान घेतलायस तू. कोणत्या तोंडाने सांगणार?"

"आणि रिकाम्या हाताने वर जाणार?"

"तळं म्हणजे पाणी आहे, मेल्चोरा."

"बावीस वर्षं तळं होतं, आता पाणी झालं? धुकं उतरलं, पाय घसरला, तर तुमचे पास्टर येणार आहेत वर?"

ताईचे डोळे भरले होते, पण ती चुलीकडे तोंड करून उभी होती. बाईपेक्षा ही भीती मोठी निघाली.

शुक्रवारी तिने स्वतः लाल रुमाल शोधला आणि पुडी बांधून पिशवीवर ठेवली. शनिवारी उजाडल्यावर फोर्तुनातो दारात आला. दाजींनी पुडी पाहिली. हात मागे घेतला.

"मी नाही नेणार. माझ्या हातून आता होणार नाही ते."

ताई पुडी घेऊन फोर्तुनातोच्या पोत्याकडे गेली. त्याने पोतं उघडून धरलं. दाजी बुटाची नाडी बांधत होते, नाडी बांधून झाली तरी बांधतच होते.

"गोळ्या किती घातल्यास?" त्यांनी खाली बघत विचारलं.

"चार."

"सहा लागतात."

ताई आत गेली आणि आणखी दोन घेऊन आली.

दोघं चढणीला लागून वळणाआड झाले तरी ती दारातच उभी. मी म्हटलं, "चल, आता तरी जीव भांड्यात पडला ना?"

"तळ्यापुरता पडला," ताई म्हणाली. "गुरुवारी तू रिकामी आहेस ना? पाव घेऊन जाऊ पुन्हा."

"गायला?"

"बसायला. तिथे कोण कुणाशेजारी बसतं, ते त्या दिवशी नीट बघायचं राहिलं."