टिटवाळ्याच्या काकू आणि माझं लोन

टिटवाळ्याहून मला बघायला आले, तेव्हा माझं कॉलेजचं लोन निम्मंही फिटलं नव्हतं. फिजिओथेरपीची फी बाबांच्या पगारात बसण्यातली नव्हती, म्हणून बँकेकडून घेतलेलं. आईने आदल्या दिवशीच बजावलेलं, "पहिल्याच भेटीत लोनचा विषय नको हं."

पण चहा घेताना मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, "पगारातलं किती शिल्लक पडतं?" आणि मला खोटं बोलवेना.

"फारसं नाही, काका. शिक्षणासाठी लोन घेतलंय. लग्नानंतरही मीच फेडणार आहे."

काकांनी कप खाली ठेवला. मुलगा कसनुसं हसला. "कळवतो," म्हणून ते गेले, तेव्हाच आम्ही समजलो. आईने कपबश्या उचलून विसळायला घेतल्या.

काही दिवसांनी फोन आला तो मुलाच्या आईचा. "बाळा, आपलं नाही जमणार. ह्यांची तयारी नाही. रागावू नकोस. पण तुला लोन कसं मिळालं ते सांगशील का?"

त्यांच्या धाकट्या मुलीला आर्किटेक्चरला प्रवेश मिळत होता. फी ऐकून काकांनी तिला बी.कॉम. करायला सांगितलेलं. काका पूर्वी भावाला जामीन राहिले होते. भावाने हात वर केले आणि कितीतरी वर्षं वसुली काकांच्या पगारातून झाली. "तेव्हापासून लोन म्हटलं की ह्यांच्या घशाखाली घास उतरत नाही," काकू म्हणाल्या. माझा राग तिथेच ओसरला.

रविवारी मायलेकी कळव्याला आमच्या घरी आल्या. मी सांगितलं, शिकत असताना हप्ता नसतो, नंतरही काही महिने सवलत मिळते. पण व्याज पैसे उचलल्यापासूनच चढायला लागतं. ते मला फार उशिरा कळलं.

"ताई, नोकरीच नाही लागली तर?" मुलीने विचारलं.

"तर त्रास होतो. मला लगेच नव्हती लागली. सुरुवातीचे हप्ते बाबांनी भरले, कारण सोबत त्यांची सही होती. म्हणून आधीच्या वर्षांच्या मुलांना कुठे कामं मिळाली ते कॉलेजात जाऊन विचार. आणि लागेल तेवढंच घे."

"सही वडिलांचीच लागते?" काकूंनी विचारलं. त्या कल्याणच्या एका शाळेत क्लार्क होत्या.

"आईचीही चालते. तुम्हाला पगार आहे ना."

त्यांनी मुलीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मग मी करते. पण ह्यांना सांगून. चोरून नाही."

घरी काय झालं ते मला माहीत नाही. बँकेत जायला काकूंनी मलाही बोलावलं, त्या दिवशी मात्र काकाही आले. काकू सही करत होत्या तेव्हा ते बाहेर बाकड्यावर बसून राहिले. मी शेजारी बसले, तर म्हणाले, "त्या दिवशी तुझ्यात काही कमी नव्हतं गं. मीच घाबरलो."

"कळलं मला, काका," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली.

लोन मंजूर झालं. मुलाचं पुढे बदलापूरच्या मुलीशी लग्न झालं. आम्ही जेवून आलो. धाकटी आता तिसऱ्या वर्षाला आहे. शिकवण्या घेऊन व्याजातलं थोडं थोडं भरते. परवा तिने दुमजली घराचा नकाशा फोनवर पाठवला. मी कौतुक केलं, तर हसून म्हणाली, "ताई, नीट बघ ना, जिनाच काढायचा राहिलाय."