बारा महिने थांबायचं होतं

माझ्या शेजारच्या टेबलावर अठरा वर्षं एक बाई कवळ्या करत बसली. आम्ही सगळे तिला ताई म्हणायचो. मालक तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, तेसुद्धा ताईच म्हणायचे. आमचं काम दातांच्या डॉक्टरांना लागणाऱ्या वस्तू बनवण्याचं. दवाखान्यातून पेशंटच्या तोंडाचं माप यायचं, त्यात प्लास्टर ओतून आम्ही जबडा तयार करायचो. त्यावर मी कॅप बसवायचो आणि ताई कवळ्या. माणूस आम्हाला कधी दिसायचा नाही. पांढरा जबडा आणि त्याच्या बुडाशी पेन्सिलने लिहिलेला नंबर, एवढीच ओळख.

ताईचा हात फार सुरेख होता. मेणात दात रोवताना एखादा दात ती मुद्दाम किंचित तिरका बसवायची, म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात तो त्याचाच वाटावा. दोन गल्ल्या पलीकडचे डॉक्टर दर गुरुवारी स्वतः माल न्यायला यायचे. ते म्हणायचे, "ताईंची कवळी घातली की माणूस परत लग्नाला उभा राहतो."

तिचं लग्न उशिरा झालं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. बोलावणं आलं की हातातला घास ठेवून जावं लागायचं, इतकी त्याची धावपळ. अडतिसाव्या वर्षी तिला मुलगी झाली. घरात तिला ठकी म्हणत. तिचं खरं नाव मला पुढे हॉस्पिटलच्या कागदावर कळलं.

ठकी पाच महिन्यांची असताना मालकांनी आम्हा सगळ्यांसाठी, घरच्यांसकट, आजारपणाचा विमा काढायचं ठरवलं. ऑफिसातला क्लार्क टेबलाटेबलावर फॉर्म वाटत फिरला. फॉर्मच्या शेवटी एक वेगळा चौकोन होता, मुलांच्या दातांसाठी. त्याचे पगारातून दरमहा थोडेसे जास्त पैसे कापले जाणार होते. ताईने पेन तिथे धरलं आणि मला विचारलं, "हे घ्यायचं का रे?"

मी म्हणालो, "अगं, पोरीला अजून दात काढून हसता येत नाही, आणि तू दातांचा विमा उतरवायला निघालीस?"

सगळे हसले. क्लार्क हसला, ताई हसली आणि हसत हसतच तिने त्या चौकोनावर आडवी रेघ मारली. फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं की, पहिल्या वाढदिवसाच्या आत मुलाचं नाव घातलं तर थांबावं लागत नाही. नंतर घातलं तर बारा महिने काही मिळत नाही. ते आमच्यापैकी कोणीच वाचलं नाही. विनोद माझा होता, हे मी आधीच सांगून ठेवतो.

दिवसभर ठकीला ताईची आई सांभाळायची. ती म्हातारी फार मायाळू होती. ठकी रडायला लागली की ती तिला मांडीवर आडवी घ्यायची, दुधात थोडी साखर घालून बाटली तोंडात द्यायची, आणि पोर बाटली चोखत झोपून जायची. तिने आपली चारही मुलं अशीच वाढवली होती. म्हातारीला स्वतःला पन्नाशीपासून एकही दात नव्हता. लेकीने केलेली कवळी घालून ती सगळं खायची आणि म्हणायची, "आमच्या घराण्यात दात टिकतच नाहीत. रक्तातच नाही ते."

ठकी वीस महिन्यांची झाली तेव्हा एका रविवारी ताई तिला अंघोळ घालत होती. पाणी अंगावर पडलं की ठकी मान मागे टाकून खिदळायची. त्या वेळी ताईला वरच्या पुढच्या चार दातांवर, हिरड्यांच्या कडेला, खडूसारखी रेघ दिसली. दोन दातांवर ती तपकिरी झाली होती.

"तुला खरं सांगू का," सोमवारी ती मला म्हणाली, "मी बघून न बघितल्यासारखं केलं. टॉवेल गुंडाळला आणि बाहेर आले."

त्याच दिवशी तिने लहान मुलांच्या एका मोठ्या दवाखान्यात फोन करून विचारलं. इतक्या लहान पोराला भूल देऊनच काम करावं लागेल, असं तिकडून सांगितलं, आणि खर्चाचा आकडा सांगितला. ताईने फोन ठेवला आणि ऑफिसात क्लार्ककडे गेली. मी माप द्यायला तिथेच उभा होतो.

क्लार्क म्हणाला, "नाव आत्ताही घालता येईल, ताई. पण बारा महिने थांबावं लागेल." मग त्याने दाराकडे बघून आवाज खाली आणला. "आणि तोवर पोरीला कुठे दाखवू नका. एकदा डॉक्टरच्या कागदावर नोंद झाली की हे आधीपासूनचं दुखणं धरतात. मग बारा महिन्यांनीसुद्धा काही मिळायचं नाही."

त्याने हे अगदी मनापासून सांगितलं. आपल्या माणसाला कानमंत्र द्यावा तसं.

"दुधाचेच आहेत," ताई म्हणाली. "पडायचेच आहेत ते." कोणाला सांगत होती कोण जाणे. तिने सही केली.

तिने हातावर हात ठेवून वाट पाहिली, असं मात्र नाही. साखर बंद केली. झोपतानाची बाटली बंद केली, त्यापायी घरात आठ दिवस आकांत झाला. सकाळ-संध्याकाळ मऊ कापडाने ठकीचे दात पुसायची, मग छोटा ब्रश आणला. पण जे एकदा पोखरायला लागलं होतं ते पोखरतच राहिलं. सगळ्यांचं लक्ष वरच्या चार दातांवर होतं. खालची दाढ मागच्या बाजूने कधी किडली ते कोणाला दिसलंच नाही.

गुरुवारी डॉक्टर यायचे आणि न चुकता विचारायचे, "ठकी काय म्हणते? आणा एकदा तिला. खुर्ची वर-खाली करू, मजा वाटेल तिला."

"आणते की," ताई म्हणायची आणि मेणात मान घालायची.

एका गुरुवारी तिचा नवरा ठकीला कडेवर घेऊन घराची किल्ली द्यायला आला. डॉक्टर तिथेच खोके बांधत उभे होते. ते हात पुढे करून म्हणाले, "अरे वा, बघू तर कोण आलंय." ताईने टेबलावरून उठून ठकीला नवऱ्याच्या हातातून ओढूनच घेतलं आणि तिचं तोंड स्वतःच्या खांद्यात दाबलं. "झोपलीये," ती म्हणाली. डॉक्टरांनी हात मागे घेतला. माझ्या बाजूने मला ठकी दिसत होती. आईच्या खांद्यावरून ती टक्क उघड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती. मी कॅप घासायला घेतली.

दहाव्या महिन्यात ठकी एकाच बाजूने चावायला लागली. मग बिस्किट दुधात बुडवल्याशिवाय खाईना. म्हातारी लवंगेच्या तेलाचा बोळा लावायची, ताई दुखण्यावरचं सिरप द्यायची. पुढे हिरडीवर एक फोड आला. चार दिवसांनी तो फुटला, ठकीचं दुखणं एकदम थांबलं आणि ती रात्रभर झोपली. घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. ताईने मला हसून सांगितलं, "सुटलो बाबा." दातांच्या धंद्यात माझीही वीस वर्षं गेलेली. पण फोड फुटून दुखायचं थांबलं म्हणजे आतलं संपलं असं नसतं, हे मलासुद्धा माहीत नव्हतं.

अकरावा महिना लागला. एका रविवारी सकाळी ताईचा मला फोन आला. नवरा कामावर होता, कुठल्या तरी इमारतीत माणसं लिफ्टमध्ये अडकली होती. "गाडी घेऊन ये," एवढंच ती म्हणाली.

मी गेलो तेव्हा ठकी आजीच्या मांडीवर होती. आदल्या दिवशी गाल सुजला होता म्हणे. आता सूज गालावरून खाली उतरून पूर्ण गळ्यावर पसरली होती, हनुवटी कुठे संपते ते कळत नव्हतं. तोंड उघडत नव्हतं. थुंकी गिळता येत नव्हती, ती ओठांच्या कोपऱ्यातून गळत होती. ठकी रडतही नव्हती. ती फक्त श्वास घेत होती, आणि त्याचा आवाज होत होता.

हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टर मुलीने तिला टेबलावर घेतलं. हात चालू ठेवूनच तिने विचारलं, "दातांच्या डॉक्टरांना कधी दाखवलं होतं?"

"नाही दाखवलं," ताई म्हणाली.

"कधीच नाही?"

"नाही."

"किती दिवसांपासून दुखतंय?"

ताईने ठकीचं पाऊल हातात धरलं. मग ती अगदी हळू म्हणाली, "पाच आठवडेच राहिले होते."

डॉक्टर मुलीला काही कळलं नाही. "पाच आठवड्यांपासून का?" म्हणत तिने ते लिहून घेतलं. मला कळलं होतं, पण मी तिला तसंच लिहू दिलं.

ठकीचा गळा बाहेरून कापून पू काढावा लागला. श्वासासाठी नळी घातली. नऊ दिवस ती मशीनवर होती. त्या नऊ दिवसांत ताई आणि तिचा नवरा एकमेकांशी काय बोलले मला माहीत नाही. मी जाईन तेव्हा दोघं बाकाच्या दोन टोकांना बसलेले असायचे. दहाव्या दिवशी ठकीने स्वतःहून श्वास घेतला. ती वाचली. तोवर तिचे दहा दात काढलेले होते.

आमचे डॉक्टर भेटायला आले. ते ताईशेजारी बाकावर बसले. मग म्हणाले, "ताई, मी दोन गल्ल्यांवर होतो."

"नोंद झाली असती," ताई म्हणाली आणि पहिल्यांदाच सगळं सांगितलं. विमा, बारा महिने, क्लार्क.

डॉक्टरांनी चष्मा काढून हातात धरला. "मी वहीत ओळसुद्धा लिहिली नसती," ते म्हणाले. मग चष्मा पुन्हा लावला. "पहिला दात दिसला की आणायचं असतं. फार तर पहिल्या वाढदिवसापर्यंत. तेव्हा करायचं काहीच नसतं. आईच्या मांडीवर बसवून तोंडात बघायचं, झोपताना बाटली देऊ नका म्हणून सांगायचं. दहा मिनिटांचं काम आहे." मग त्यांचा आवाज बदलला. "हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. मला वाटलं, तुम्ही या कामातल्या, तुम्हाला ठाऊक असणार."

आम्हाला दात पडून गेल्यावरचं सगळं ठाऊक होतं.

हॉस्पिटलचा खर्च मोठ्या विम्यातून निघाला. दातांचं पत्र वेगळं आलं. मुदत पूर्ण झालेली नसल्याने रक्कम देता येत नाही, असं त्यात होतं. ताईने ते वाचून घडी केली आणि काही उलट लिहून पाठवलं नाही. क्लार्क तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. "मी चांगल्यासाठीच सांगितलं होतं, ताई," तो म्हणाला आणि रडायला लागला. "माहितीये मला," ती म्हणाली. मीही त्या फॉर्मबद्दल बोलायचं ठरवून गेलो होतो. तिने मला पुरतं बोलूच दिलं नाही. "तू एक वाक्य बोललास," ती म्हणाली. "रेघ मी मारली."

ठकी घरी आली ती न बोलणारी होऊन. चार महिन्यांनी बोलायला लागली तेव्हा आवाज बसका होता, आणि पुढचे दात नसल्याने अर्धे शब्द तिच्या आईलाच कळायचे. हनुवटीखाली बोटभर व्रण राहिला. तोंडाजवळ कोणाचाही हात आला की ती किंचाळायची. उरलेले दात घासायला आईलासुद्धा जवळ येऊ देत नसे. म्हातारीने स्वतःची कवळी काढून डबीत ठेवली. "तिला नाहीत, मला कशाला हवेत," म्हणाली, आणि मरेपर्यंत, म्हणजे पुढची दोन वर्षं, हिरड्यांनी भात कुस्करून खात राहिली. ताईने एकदाही तिला बोल लावला नाही. लावला असता तर म्हातारीला सोपं गेलं असतं, असं मला वाटतं.

ठकी चार वर्षांची झाल्यावर डॉक्टरांनी तिच्या तोंडाचं माप घेतलं. तीन दिवस प्रयत्न करावे लागले. तो जबडा आमच्याकडे आला, माझ्या तळहाताच्या खळग्यात मावेल एवढा. इतके लहान दात तयार मिळत नाहीत. ताईने मोठे घेऊन घासले, आठवडाभर घासत होती. त्या दिवसांत आम्ही तिच्या टेबलाकडे बघायचं टाळलं. तिने पाठवलेली कवळी डॉक्टरांनी ठकीच्या तोंडात बसवली. अगदी बरोबर बसली. एक दुपार ठकीने ती सोसली. मग काढून आईच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "टोचतं." ताईने पुन्हा घाल म्हणून कधी सांगितलं नाही.

सातव्या वर्षी पुढचे पक्के दात आले. एक पिवळा-तपकिरी, खड्डे पडलेला. दुसरा अर्धवटच. दुधाच्या दातांच्या मुळाशी पू झाला तेव्हा वरचे पक्के दात हिरडीच्या आत घडत होते, त्यांना तेव्हाच धक्का लागला, असं डॉक्टरांनी सांगितलं. मोठेपणी त्यावर काही करता येईल. त्यानंतर महिन्याभरात ताईने आमच्याकडचं काम सोडलं. मालकांनी खूप समजावलं. आता ती एका शिवणकामाच्या कारखान्यात काजं-बटणं करते.

ठकी आता नऊ वर्षांची आहे. दर तीन महिन्यांनी तिला दाखवावं लागतं. परवा मी माल द्यायला दवाखान्यात गेलो तर दोघी बाहेर बसल्या होत्या. मी काहीतरी गंमत केली. ठकीला हसू आलं, पण ओठ मिटलेलेच राहिले. आतून हाक आली तशी ताई उठली. ठकी म्हणाली, "तू नको येऊस," आणि एकटीच आत गेली. डॉक्टरांनी मला सांगितलंय की, ती खुर्चीत चढून बसते, आ करते आणि पूर्ण वेळ डोळे मिटत नाही.

दार लागलं. मी ताईला म्हणालो, "बस ना, वेळ लागेल."

"असू दे," ती म्हणाली, आणि दाराकडे तोंड करून उभीच राहिली.