एक बंदूक, तीन नळ्या आणि सादिकचे दोन खिसे

एसीच्या पाण्याखाली बादली ठेवली की काय होतं? थेंब पडताना कुणी बघत नाही. मग कुणाचा तरी पाय लागतो, बादली सांडते आणि सगळे ओरडतात, "एवढं पाणी आलं कुठून?" किस्स्यांचंही तसंच. आणि उन्हाळा कडक असला की एसी जसा जास्त गळतो, तसा माणूस घाबरलेला असला की किस्से जास्त गळतात. गेल्या सीझनला आमचा सादिक एवढा घाबरला होता, की मला बादली पुरेना!

आधी ओळख करून देतो. मी मुकादम. गाव दापोलीकडे, शाळा सातवी नापास. पूर्वी इथे बहरीनमध्येच, मआमीरच्या एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवायचो. आता जनाबियात बू राशिदचा ड्रायव्हर, प्लंबर, माळी आणि मौका मिळाला की विदूषक. सादिक आमचा कुक, म्हसळ्याचा. हात असा, की त्याच्या मच्छीच्या वासाने शेजारचा व्हिला भिंतीवरून डोकावतो. काळीज मात्र कोंबडीचं. आणि लिमयेसाहेब, पुण्याचे, बू राशिदच्या कंपनीचे अकाउंटंट. शुक्रवारी सह्या घ्यायला येतात आणि सादिकच्या बटाट्याच्या भाजीसाठी थांबतात.

मालक बू राशिद, आमचा अरबाब. माणूस सोन्यासारखा. फक्त रिटायर झाल्यावर त्याला शिकारीचा नाद लागला. तोसुद्धा आफ्रिकेत, रानरेड्याचा!

* * *

बंदूक त्याने घेतली ती एकगोळीची. आपली बारा बोअर असते तशी मोडून उघडायची, एक काडतूस घालायचं, बंद करायची, एकदा उडवायची. पुन्हा हवी तर पुन्हा मोडा, पुन्हा घाला. पण गंमत अशी, की तिची नळी काढून दुसरी बसवता येते. हरणाला बारीक नळी, रेड्याला जाडी. नळीच्या भोकाचं माप म्हणजे कॅलिबर.

बंदूक घरी आणायची परवानगी नाही, ती क्लबच्या तिजोरीत. घरी फक्त कॅटलॉग. बू राशिद मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, तो उघडून आम्हाला तासभर समजावत होता. अर्धं अरबी, अर्धं हिंदी. सादिक गहवा, म्हणजे अरबी कॉफी, ओतता ओतता म्हणाला, "कळलं, अरबाब. मिक्सर एक, भांडी तीन."

बू राशिदला एवढं पटलं, की त्याने सादिकच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! तुम मेरे साथ आफ्रिका चलेगा!"

गहवा गालिच्यावर!

खरं तर आधी माझं नाव होतं. पण माझा गुडघा त्याच आठवड्यात सलमानिया हॉस्पिटलच्या डॉक्टरने बघितला आणि मान हलवली. एवढं प्रेम मी त्या गुडघ्यावर कधी केलं नव्हतं.

* * *

मग कॅलिबर निवडायची मजलिस बसली. हरणासाठी तीनशे आठ, यावर सगळ्यांचं एकमत. भांडण रेड्यावरून. लिमयेसाहेब म्हणाले तीनशे पंचाहत्तर. त्यांनी आयुष्यात झुरळ मारलेलं नाही, पण मोबाईलवर वाचून पाठ केलं होतं. बू राशिदचे दोस्त म्हणाले पाचशे! पाचशेचं काडतूस म्हणजे केवढं, तर आपल्या मधल्या बोटाला लाजवील एवढं. "रेड्याला तीनशे पंचाहत्तर म्हणजे मच्छर चावला!" असं एक जण म्हणाला. बू राशिदची मिशी फुरफुरली. दोस्तांसमोर मच्छर कोण घेणार? त्याने दोन्ही नळ्या मागवल्या, पण नजर पाचशेवरच.

सादिकने ट्रे छातीशी धरून विचारलं, "अरबाब, ती एक गोळी सुटली आणि रेडा उभाच राहिला, मग?"

"मग दुसरी घालायची."

"कोण देणार?"

"तुम देगा. इसी लिये तो ले जाता है!"

सादिकचा चेहरा खबूसच्या रोटीसारखा पांढरा पडला. पण तोही हुशार. म्हणाला, "तिथल्या वाटाड्याकडे बंदूक असते ना?"

"असते. पण मी सांगितल्याशिवाय तो उचलणार नाही. तो मागे उभा राहील."

"कुणाच्या मागे?"

"तुझ्या."

सादिक किचनमध्ये आला, फ्रीजला टेकला आणि मला म्हणाला, "चाचा, पुढे रेडा, मागे बंदूक. मधे मी. मी सँडविच आहे का, चाचा?"

* * *

त्याची पोरगी म्हसळ्याला बाळंतपणाला आली होती. पहिलं नातवंड. सादिकला दुसरं काही नको होतं. तिकडून परत यायचं आणि त्या बाळाचं तोंड बघायचं. म्हणून त्याचाही हट्ट एकच: पाचशे! "जेवढी मोठी गोळी, तेवढं माझं नातवंड जवळ."

दिवसभर मोबाईलवर रेड्यांचे व्हिडिओ. एका व्हिडिओत सांगितलं होतं म्हणे, की रानरेडा जखमी झाला की पळत नाही, वळून झुडपात दबा धरतो. त्या दिवशी आमची मच्छी खारट.

आता असा माणूस समोर असल्यावर मी गप्प बसू? बागेतला प्लास्टिकचा जाड पाइप घेतला, किचनच्या मागच्या खिडकीला लावला आणि पोटातून फुंकलं. "हुँऽऽऽफ्!"

आतून भांडं पडल्याचा आवाज. मग शांत. मी हसत आत गेलो, तर सादिक डीप फ्रीजरवर उभा! एका हातात डाव, दुसऱ्यात हरीसच्या पातेल्याचं झाकण, डोळे घट्ट मिटलेले आणि तोंडाने जप चालू, "पाचशे... पाचशे... पाचशे..."

उतरवायला लिमयेसाहेबांना बोलवावं लागलं.

* * *

क्लबच्या रेंजवर नेमबाजीच्या सरावाला जायला लागलो तेव्हा मात्र माझंही हसू आटलं. तिथला उस्ताद म्हणजे जुना फौजी, बहरीनीच. फार बोलत नाही. पहिल्याच दिवशी टेबलावर तिन्ही नळ्या, तिन्ही खोकी. बू राशिद म्हणजे नवं खेळणं मिळालेला म्हातारा. याची नळी काढ, त्याची बसव. गप्पा मारता मारता बंदुकीला नळी होती तीनशे पंचाहत्तरची आणि त्याने काडतूस उचललं तीनशे आठचं.

ते सर्रकन आत गेलं. जरा जास्तच सर्रकन.

"ला! नाही!" उस्ताद असा ओरडला, की शेजारच्या लेनमधले लोकही खाली बसले. त्याने बंदूक हिसकावली, काडतूस काठीने ढकलून बाहेर काढलं. म्हणाला, "हे उडालं असतं, तर पितळ फुटून तोंडावर आलं असतं. लहान काडतूस मोठ्या नळीत जातं. नळी काही बोलत नाही."

बू राशिदच्या कपाळावर घाम. मी पहिल्यांदा बघितला. त्या घरात एसी फुल्ल असतो.

दुसऱ्या दिवशी सादिक कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानातून, नेलपॉलिशच्या बाटल्या घेऊन आला. तीनशे आठची नळी आणि खोका हिरवा, तीनशे पंचाहत्तरचा गुलाबी, पाचशेचा लाल. "मसाल्यांच्या डब्यांना मी असंच करतो, अरबाब. नाहीतर एखाद्या दिवशी खिरीत हळद." शिवाय नियम घातला: बू राशिदने काडतुसाला हात लावायचा नाही. घालणार फक्त सादिक.

मला वाटलं, उस्ताद हसेल. त्याने बाटल्या उन्हात धरून बघितल्या आणि गंभीरपणे म्हणाला, "गुलाबी कुठे मिळाली?"

* * *

आता पाचशेची गोष्ट. पहिली गोळी उडाली तेव्हा बू राशिद दोन पावलं मागे आला आणि टोपी तीन पावलं. खांद्यावर ही एवढी वांगी उमटली. पण दोस्तांना सांगितलंय पाचशे, म्हणजे पाचशे! गोळ्या मात्र लागेनात. सगळ्या निशाण्याच्या खाली, वाळूत.

उस्तादने मला बाजूला घेऊन एक काडतूस हातात ठेवलं. दिसायला सेम, पण आत दारू नाही, पेटवणारी टिकली नाही. डमी. म्हणाला, "मी सांगितलं तर रागावेल. तू मस्करी करतोस, तू सांग."

म्हणजे बघा, फौजी माणूस मला पुढे करतो! पण मस्करी म्हटल्यावर माझा हात थांबतो का? सादिकला डोळा मारला, त्याने डमी घातली. बू राशिदने नेम धरला, श्वास रोखला, घोडा दाबला.

ठक्.

आवाज नाही, धूर नाही. पण नळी? नळी वीतभर खाली गेली होती, आणि मालकाचे डोळे मिटलेले! धक्का नसताना तो धक्क्याला घाबरला होता. सगळ्यांनी बघितलं आणि सगळ्यांनी आकाशाकडे बघायला सुरुवात केली.

सादिक माझ्या कानात म्हणाला, "चाचा, हा रेड्याला नाही, जमिनीला मारणार. आणि जमीन माझ्यावर धावून येणार नाही, रेडा येईल."

"कौन किया?" बू राशिदने विचारलं.

मी हात वर केला. डोळ्यांसमोर माझा व्हिसा एअरपोर्टच्या दिशेने उडताना दिसला. पण त्याने बंदूक मोडून सादिकपुढे धरली. "फिर से डालो. सच्चा या झूठा, मेरे को मत बोलो."

परत ठक्. परत नळी खाली.

तेव्हा लिमयेसाहेब हळूच म्हणाले, "साहेब, रेडा किती मोठा ते बघून नळी घेऊ नका. आपला खांदा केवढा ते बघून घ्या."

बू राशिदने लाल नळी स्वतः काढली, पुसली, खोक्यात ठेवली. "गुलाबी लाओ," म्हणाला. दोस्तांना काय सांगितलं ते आम्ही विचारलं नाही.

* * *

तेव्हापासून रोजचा रिवाज पडला. बू राशिद तोंड फिरवून उभा राहायचा. सादिक कधी खरं घालायचा, कधी डमी. डमीवर काही खूण करू द्यायचा नाही मालक. ओळखू आली तर सराव कसला? म्हणून सादिकने खिसे वाटून घेतले. उजवा खरा, डावा खोटा. "जेवायचं उजव्याने, तसं खरं उजव्यात. विसरणार कसा?"

खरं काडतूस गेलं, की धडाम्. डमी गेली, की ठक् आणि मालक लगेच नळीकडे बघायचा. आधी वीतभर हलायची, मग चार बोटं, मग एक. कधी अजिबात हलली नाही, तर लहान पोरासारखा सादिककडे वळायचा आणि 'बघ' म्हणून अरबीत ओरडायचा, "शूफ, सादिक! नली नहीं हिला!" सादिकने म्हणायचं, "नहीं हिला, अरबाब!" मग बक्षीस म्हणून सगळ्यांना करक चहा.

सादिकही जरा हसायला लागला. मी पाइप बाहेर काढला तर म्हणायचा, "फुंका चाचा, फुंका. गुलाबी आहे आपल्याकडे."

पण एअरपोर्टवर मी त्याची बॅग उतरवली, तेव्हा त्याने माझा हात सोडला नाही. "चाचा, पोरीला आठवा महिना लागलाय," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, "इंशाल्ला, येशील. तुझ्याशिवाय मला खारट मच्छी कोण घालणार?" परत येताना गाडीत मी रेडिओ लावला नाही.

* * *

आले दोघे. धडधाकट! सादिकच्या मोबाईलवर आता नातीचा फोटो आहे. गालांवर अशी चरबी, की डोळे दिसत नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो, दूधवाल्यालासुद्धा. पण रेड्याचं विचारलं की गप्प. बू राशिदला विचारलं तर तो नुसता मिशीत हसतो. मजलिसच्या भिंतीवर रेड्याचं डोकं लागलेलं नाही, आणि लाल नळीचं तर नावच नाही.

परवा कांदा चिरता चिरता सादिक आपणहून बोलला. सुरी चालू, मान खाली.

"सकाळ होती, चाचा. तिकडेसुद्धा रोज सकाळी सराव चालायचा, तंबूच्या मागे. त्या दिवशी सराव झाला आणि निघालो. गवत कमरेएवढं. वाटाड्या मागे, मी मधे, अरबाब पुढे. बंदूक अजून रिकामी. आणि वाटाड्याने माझा खांदा दाबला. झुडूप होतं ना, चाचा, ते झुडूप नव्हतंच. त्याला डोळे होते.

"एवढा जवळ, की नाकावरच्या माश्या दिसत होत्या. तो हलेना. आम्ही हलेना. अरबाबने बंदूक मोडून मागे धरली, आणि तोंड फिरवलं. सवय! रेडा समोर आणि हा माणूस तोंड फिरवतो! माझा हात खिशात गेला. कुठला हात, कुठला खिसा, अल्ला जाणे. मला फक्त पोरगी दिसत होती. काडतूस घातलं. बंद केली. त्याने नेम धरला. असा धरला, चाचा, दगडासारखा. श्वास नाही, पापणी नाही. मी कानात बोटं घातली.

"ठक्."

सुरी थांबली. मी विचारलं, "मग?"

"मग काय! रेड्याने मान खाली घातली, खुराने माती उकरली. वाटाड्याच्या तोंडातून शिट्टीसारखा आवाज आला. आणि अरबाबने काय करावं? तो नळीकडे बघतोय! मग माझ्याकडे वळला, चेहरा ईदसारखा. आणि हळूच म्हणतो, 'शूफ, सादिक! नली नहीं हिला!'"

"आणि तू?"

सादिकने दुसरा कांदा घेतला.

"मी म्हटलं, 'नहीं हिला, अरबाब.'"