सायकलच्या ट्यूबवरचे टाके

टांटा शहरातल्या इस्पितळात नवशिक्या डॉक्टरांना आतडं शिवायला शिकवावं ते लुत्फीसाहेबांनीच. कसायाकडून मेंढीची आतडी आणायची, पोरांकडून शिवून घ्यायची आणि आत पाणी भरायचं. थेंब गळला की साहेब ओरडत, "मेला तुझा रोगी! जा, त्याच्या आईला सांगून ये!" उरलेली कोरी आतडी घरी जात, बायको त्यांत भात भरून फक्कड मुंबार करी.

आणि आता ही इनास! त्यांचीच शिष्या. सायकलच्या जुन्या ट्यूबला आतून बायकी मोज्याचं अस्तर लावलं आणि म्हणे झालं आतडं. वास नाही, नासणं नाही, पंक्चरवाला फुकट देतो. पोरं गुळाला मुंगळे लागावेत तशी तिच्या टेबलाला लागली. साहेबांचा नुसता जळफळाट झाला.

"काय गं, पंक्चर काढायला शिकवतेस?" त्यांनी सगळ्यांदेखत टोमणा मारला.

"तुम्ही शिकवलंत तेच शिकवते, सर," ती हसून म्हणाली. ते हसू तर फारच झोंबलं.

वर्ग कुणाकडे द्यायचा हे विभागप्रमुख रुकय्याबाई गुरुवारी ठरवणार होत्या. इनासनं शिवलेल्या ट्यूबमध्ये त्या पाणी भरून बघणार होत्या. त्या दिवशी दुपारच्या नमाजाला खोली रिकामी झाली तसे साहेब आत शिरले. तिचे टाके उसवले. आता ढिले घालायचे, म्हणजे चारचौघांत गळेल आणि इनासबाईसाहेबांचं नाक कापलं जाईल. पहिला टाका ढिला घातला. बघवेना. काढून नीट घातला. दुसऱ्याचंही तेच. स्वतःला शिव्या हासडत त्यांनी अख्खी ट्यूब घट्ट शिवली. वाईट शिवायला हात तयारच नव्हते.

थोड्या वेळानं रुकय्याबाईंनी सगळ्यांसमोर पाणी ओतलं. थेंब गळला नाही. इनास मात्र वाकून बघतच राहिली.

"बाई, हे टाके माझे नाहीत. सरांचे आहेत! इतके सारखे टाके आपल्याकडे दुसरं कोण घालतं? सरांनी स्वतः शिवून बघितलंय." तिचे डोळे भरून आले होते.

"अहो लुत्फी! आणि आम्हाला वाटलं, तुम्ही पोरीवर जळताय. तुमचीच पसंती आहे, मग प्रश्नच मिटला. वर्ग इनासचा."

नाही म्हणायचं, तर ट्यूब का उसवली ते सांगावं लागलं असतं. टाळ्या पडल्या. त्याच करंट्या हातांनी साहेबांनाही त्या वाजवाव्या लागल्या.